रॉक संगीत : दीर्घ ध्वनिमुद्रिकेचा कालखंड (१९७०–७५)

रॉक संगीताच्या इतिहासात १९७० ते १९७५ हा दीर्घ ध्वनिमुद्रिकेचा कालखंड होय. तत्पूर्वी या संगीताचे एकक म्हणजे सु. तीन मिनिटांचे सुटे गीत होते. या काळात ते स्थान दोन बाजूंत विभागलेल्या, सु. चाळीस मिनिटांच्या, गीतांचा अनुक्रम ठरवून सिद्ध केलेल्या व स्वतंत्र वेष्टनासह रसिकाच्या हाती येणाऱ्या ध्वनिमुद्रिकेने घेतले. तिला ‘अल्बम’ म्हणतात आणि ही संज्ञा मराठीतही रूढ झाली आहे. मैफलीत वाजविलेले गाणे हे मूळ व ध्वनिमुद्रिका ही त्याची नोंद, हा जुना संबंध या काळात पुष्कळ अंशी उलटा झाला. ध्वनिमुद्रिका हीच मूळ कृती ठरली आणि मैफलीत तिचा प्रत्यय यावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा निर्माण झाली. लेड झेपेलिन, द हू, पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, ब्लॅक सॅबाथ, रोलिंग स्टोन्स इ. गटांच्या या काळातील ध्वनिमुद्रिकांना पुढे ‘क्लासिक रॉक’ म्हणजे अभिजात रॉक हे नाव मिळाले. अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांनी ते १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आणले. त्यामागे कार्यक्रमांची व्यापारी वर्गवारी होती, गुणनिर्णय नव्हता. यांपैकी कोणत्या कृती खरोखर अभिजात म्हणाव्यात, हे ठरविण्यास वेगळा निकष लागतो. तबकडीची लांबी, ध्वनिफितीवरील पट्ट्यांची संख्या, ध्वनिमुद्रणाची जागा व वादकाचा हात यांच्या मर्यादांना ज्यांनी रचनेचे रूप दिले, त्या कृती टिकून राहिल्या. उपलब्ध झालेली जागा ज्यांनी नुसती भरून काढली, त्या लवकर जुन्या झाल्या, असे या कालखंडाकडे समग्रतेने पाहता दिसून येते.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, १२ इंच (सु. ३० सेंमी.) व्यासाची तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत चांगल्या प्रतीने मावत असे. याहून अधिक वेळ साधावयाचा, तर खाचा दाटीने कोराव्या लागत आणि आवाज क्षीण होई. शिवाय सुई केंद्राकडे सरकते, तसा तिच्याखालून जाणाऱ्या खाचेचा वेग कमी होतो व तार स्वरांची स्पष्टता घटते. म्हणून शक्य तेथे शांत गीत बाजूच्या अखेरीस ठेवण्याकडे ध्वनिमुद्रकांचा कल असे. ही तबकडी प्रारंभी मुख्यतः पाश्चात्त्य अभिजात संगीत व संगीतिका यांसाठी वापरली गेली. रॉक अँड रोलचा प्रसार झाला, तो १९४९ मध्ये आलेल्या मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवरून. तरुणांच्या गीतांची मोठी तबकडी म्हणजे आधी खपलेल्या गीतांचा संग्रह, असेच बराच काळ समीकरण होते.

ते बदलण्यास १९६५ नंतर प्रारंभ झाला. बीच बॉइजची पेट साउंड्झ (१९६६) व बीटल्सची सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड (१९६७) या ध्वनिमुद्रिकांत गीतांचा एकत्रित परिणाम योजलेला होता. सार्जंट पेपर चार पट्ट्यांच्या ध्वनिफितीवर मुद्रित झाली. पुढील तीन-चार वर्षांत आठ व नंतर सोळा पट्ट्यांची यंत्रे प्रचारात आली. प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर घेऊन नंतर त्यांचे मिश्रण करता येऊ लागल्यामुळे, कोणत्याही खोलीत एका वेळी कधीच न वाजलेले संगीत रचणे शक्य झाले. याच सुमारास अमेरिकेतील एफएम नभोवाणी केंद्रे स्वतंत्र कार्यक्रम देऊ लागली व दीर्घ रचनांना प्रक्षेपणाचे साधन मिळाले. १९७० च्या वसंतात बीटल्स हा गट विघटित झाला. त्याच वर्षी १८ सप्टेंबर रोजी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स व ४ ऑक्टोबर रोजी गायिका जॅनिस जॉप्लिन यांचे निधन झाले. जॉप्लिनची पर्ल ही ध्वनिमुद्रिका जानेवारी १९७१ मध्ये निघाली. तिच्यातील एका गीतासाठी वाद्यसंगीत तयार होते, पण गायन व्हावयाचे राहिले होते. ते गीत आवाजाविनाच प्रसिद्ध करण्यात आले. ध्वनिमुद्रिका म्हणजे केवळ विक्रीयोग्य गीतांची जुळणी नव्हे, ही जाणीव त्या रिकाम्या जागेतून व्यक्त होते.

जड रॉक व ध्वनीचे स्थळ : या काळातील एक प्रमुख प्रवाह म्हणजे जड रॉक. ब्लूजमधून घेतलेली एखादी लहान आवर्ती स्वराकृती, म्हणजे ‘रिफ’, हा त्याचा कणा असतो. बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतून पुढे आलेल्या ब्लॅक सॅबाथ या गटाच्या ब्लॅक सॅबाथ व पॅरानॉइड (दोन्ही १९७०) या ध्वनिमुद्रिकांनी या प्रवाहाला त्याचा काळवंडलेला रंग दिला. गटाचा डावखुरा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती. प्लॅस्टिकची टोके बसवून व हलक्या तारा वापरून तो वाजवीत असे. मास्टर ऑफ रिअॅलिटी (१९७१) या ध्वनिमुद्रिकेपासून त्याने अनेक गीतांत गिटार नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावली. सैल तारांतून निघणारा तो खर्ज पुढे हेवी मेटल या संपूर्ण संगीतप्रकाराची ओळख ठरला. हाताची मर्यादा ही शैलीची जननी कशी होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

डीप पर्पल या गटाचे मशीन हेड (१९७२) हे स्थळाच्या मर्यादेचे उदाहरण आहे. डिसेंबर १९७१ मध्ये हा गट स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील कॅसिनोच्या इमारतीत ध्वनिमुद्रण करण्यासाठी गेला असता, फ्रँक झॅपा याच्या कार्यक्रमाच्या वेळी त्या इमारतीला आग लागली. पुढे थंडीमुळे बंद असलेल्या एका हॉटेलच्या मार्गिकांत, गाद्या लावून आवाज अडवीत, बहुतेक काम पूर्ण करण्यात आले. ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गीत म्हणजे या घटनेचा साधा वृत्तांत आहे. रिची ब्लॅकमोरची चारच स्वरांची रिफ प्रथम एकटी वाजते व तिच्यावर एकेक वाद्य चढत जाते. रचनेत अनावश्यक असे काही नाही. नवशिक्या गिटारवादकांनी जगभर ती पहिला पाठ म्हणून गिरविली, हे तिच्या सोपेपणाइतकेच तिच्या बांधेसूदपणाचेही गमक मानावे लागेल.

लेड झेपेलिनची चौथी ध्वनिमुद्रिका ८ नोव्हेंबर १९७१ रोजी निघाली. तिला नाव नव्हते व वेष्टनाच्या दर्शनी भागावर गटाचेही नाव नव्हते. हॅम्पशरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत तिचा मोठा भाग मुद्रित झाला. पहिल्या बाजूच्या अखेरीस ‘स्टेअरवे टू हेव्हन’ हे आठ मिनिटांचे गीत येते. त्याचा प्रारंभ विद्युत्‌विरहित गिटार व बासऱ्या यांनी होतो आणि ड्रम निम्म्याहून अधिक गीत झाल्यावरच प्रवेश करतात. लय हळूहळू वाढत जाते, जिमी पेज याचे गिटारवादन शिखर गाठते आणि शेवटी केवळ रॉबर्ट प्लांट याचा आवाज उरतो. गटाने हे गीत सुट्या तबकडीवर काढण्यास नकार दिला. ते हवे असणाऱ्यास संपूर्ण ध्वनिमुद्रिका घ्यावी लागे. दुसरी बाजू ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गीताने संपते. त्यासाठी जॉन बॉनम याचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडून ध्वनिग्राहक वर जिन्यावर टांगले होते. त्यामुळे ऐकू येतो तो नुसता ड्रमचा आघात नव्हे, तर त्या दालनाचा प्रतिसाद. हेडली ग्रेंज, माँत्रो आणि रोलिंग स्टोन्सने एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट (१९७२) ही जोड ध्वनिमुद्रिका जिच्या तळघरात रचली ती दक्षिण फ्रान्समधील हवेली, या तिन्ही ठिकाणी रोलिंग स्टोन्सच्या मालकीच्या एकाच फिरत्या ध्वनिमुद्रण-गाडीचा उपयोग झाला. यंत्रे तीच असूनही तिन्ही कृतींचा नाद भिन्न आहे. एक्झाइलमधील गढूळ, एकमेकांवर सांडणारे आवाज हा प्रारंभी दोष मानला गेला. तोच पुढे तिचा गुण म्हणून वाखाणला गेला.

बाजूची रचना : दुसरा प्रवाह रचनाप्रधान होता. तबकडी उलटण्यासाठी श्रोत्याला उठावे लागते, या व्यावहारिक गोष्टीतून दोन अंकी नाटकासारखा आकृतिबंध निर्माण झाला. त्याचा उत्कृष्ट आविष्कार पिंक फ्लॉइडच्या द डार्क साइड ऑफ द मून (१९७३) या ध्वनिमुद्रिकेत आढळतो. ती सु. ४३ मिनिटांची आहे. गटाने हे संगीत १९७२ मध्ये वर्षभर मैफलींतून वाजवून तासले व लंडनच्या ॲबी रोड ध्वनिमुद्रणालयात सोळा पट्ट्यांवर मुद्रित केले. ॲलन पार्सन्स हा ध्वनिअभियंता होता. प्रारंभी व शेवटी हृदयाचे ठोके ऐकू येतात. काळ, पैसा, संघर्ष, वेड व मृत्यू हे तिचे विषय होत. पहिली बाजू मृत्यूवरील शब्दहीन गायनाने संपते. क्लेअर टॉरी या गायिकेचा तो आवाज आक्रोशापासून शरणागतीपर्यंत जातो. तबकडी उलटताच नाण्यांचा खणखणाट व गल्ल्याच्या यंत्राचे आवाज सुरू होतात. हे आवाज कापलेल्या ध्वनिफितीचे तुकडे जोडून सात मात्रांच्या आवर्तनात बसविले असून त्याच सप्तमात्रिक लयीत ‘मनी’ हे गीत चालते. गिटारच्या एकल वादनात मात्र ते चार मात्रांवर येते. मृत्यूनंतर लगेच बाजारात आणून सोडणारी ही कलाटणी मधल्या निःशब्द विरामामुळे विशेष बोचते. पुढे सलग वाजणाऱ्या तबकडीवर हा विराम नाहीसा झाला व त्या योजनेची धार बोथट झाली. रॉजर वॉटर्सची शब्दरचना साधी, क्वचित ढोबळ आहे. पण ध्वनिमुद्रणालयाच्या द्वारपालासह अनेकांना प्रश्न विचारून मिळविलेली उत्स्फूर्त वाक्ये अधूनमधून पेरल्यामुळे तिला व्याख्यानाचे रूप येत नाही. अमेरिकेतील प्रमुख विक्रीसूचीत ही ध्वनिमुद्रिका १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे होती.

द हू या गटाची हूज नेक्स्ट (१९७१) एका अपयशातून निर्माण झाली. पीट टाउनशेंड याने लाइफहाउस नावाची चित्रपट व मैफल यांना एकत्र आणणारी मोठी योजना आखली होती. ती कोसळल्यावर उरलेल्या सामग्रीतून सुट्या गीतांची एक ध्वनिमुद्रिका करण्यात आली. कथानकाचे ओझे गळून पडल्याने ती उलट अधिक घट्ट झाली. यंत्राने पुनरावृत्त होणारा ऑर्गनचा स्वरपट आणि कीथ मून याचे बेबंद ड्रमवादन यांचा ताण तिच्या पहिल्या व शेवटच्या गीतांत प्रत्ययास येतो. शेवटचे ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ हे गीत क्रांतीच्या घोषणांविषयी संशय व्यक्त करते. १९६८ च्या आसपासच्या आशावादाचा तो समारोप म्हणता येईल.

यस या गटाच्या क्लोज टू द एज (१९७२) मधील शीर्षक-रचना सु. १९ मिनिटांची असून ती संपूर्ण बाजू व्यापते. तिच्यातील चार भागांना परस्परसंबंध आहे व मूळ स्वरकल्पना अखेरीस विस्ताराने परतते. त्याच गटाच्या टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स (१९७३) या जोड ध्वनिमुद्रिकेत मात्र चार बाजूंना चार रचना योजून सु. ८० मिनिटे भरली आहेत. तिची कल्पना परमहंस योगानंद यांच्या आत्मचरित्रातील, शास्त्रग्रंथांच्या चार वर्गांविषयीच्या एका तळटीपेवरून सुचली होती. तळटीपेचा विस्तार झाला, विषयाचे आकलन झाले नाही. सुंदर स्थळे असूनही संगीत एका स्वराकृतीकडून दुसरीकडे भटकत राहते. कळफलकवादक रिक वेकमन यानेही असमाधानाने १९७४ मध्ये गट सोडला. या प्रवृत्तीचे विडंबनही याच काळात झाले. जेथ्रो टल या गटाची थिक ॲज अ ब्रिक (१९७२) ही दोन बाजूंवर पसरलेली एकच रचना असून तिचे वेष्टन एका काल्पनिक गावच्या वृत्तपत्राच्या रूपात होते. इअन अँडरसन याला अभिप्रेत उपहास अनेक श्रोत्यांच्या ध्यानात आला नाही, कारण त्यातील संगीत उपहासापेक्षा सरस होते.

आत्मनिवेदन व मुखवटा : गटांच्या या भव्यतेला समांतर असा एक आत्मपर प्रवाहही होता. जॉन लेनन/प्लॅस्टिक ओनो बँड (१९७०) मध्ये लेननने केवळ पियानो वा गिटार, बेस व ड्रम एवढ्याच साधनांनी आईवडिलांचा वियोग व बीटल्सविषयीचा भ्रमनिरास मांडला. सोळा पट्ट्या हाताशी असण्याच्या काळात त्यांचा मोह टाळणे, हाच या कृतीचा नियम आहे. कॅनडात जन्मलेल्या जोनी मिचेल हिच्या ब्लू (१९७१) मध्येही हीच काटकसर आढळते. बालपणीच्या पोलिओमुळे डावा हात अशक्त राहिल्याने तिने गिटारच्या तारा वेगवेगळ्या स्वरांत लावण्याच्या स्वतःच्या पद्धती बसविल्या. त्यांतून निघणारे अनपेक्षित स्वरमेळ तिच्या काव्यातील अनिश्चिततेला पोषक ठरले. आयोमीच्या गर्जनेशी या संगीताचे बाह्यतः काहीच साम्य नाही. परंतु दोघांच्याही शैलीचे मूळ हाताच्या मर्यादेत आहे.

डेव्हिड बोई याने उलट मार्ग अनुसरला. द राइज अँड फॉल ऑफ झिगी स्टारडस्ट अँड द स्पायडर्स फ्रॉम मार्स (१९७२) मध्ये त्याने रॉक गायकाचेच एक काल्पनिक पात्र उभे केले व मैफलीत तो त्याच वेषात वावरला. ३ जुलै १९७३ रोजी लंडन येथील कार्यक्रमात त्याने हे पात्र जाहीरपणे संपविले. रॉक संगीतातील प्रामाणिकपणा हीसुद्धा एक भूमिका असते, हे त्याने दाखवून दिले. या नाट्यात्मतेची परिणती क्वीन या गटाच्या अ नाइट ॲट द ऑपेरा (१९७५) मध्ये झाली. तिच्यातील सु. सहा मिनिटांच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गीतात तीन गायकांचे आवाज एकावर एक असंख्य वेळा मुद्रित करून संगीतिकेतील समूहगायनाचा आभास निर्माण केला आहे. बॅलड, ऑपेरा व जड रॉक यांची ही जुळणी हास्यास्पद होण्याच्या काठावर चालते आणि गायकांच्या काटेकोर शिस्तीमुळे तोल सांभाळते.

भारताशी संबंध : या कालखंडातील अनेक कृतींत भारताचे, त्यांतही महाराष्ट्राचे, संदर्भ आढळतात, परंतु त्यांचे मोल सारखे नाही. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारोख बलसारा, हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी होता. त्याचे शालेय शिक्षण पाचगणी येथे झाले व तेथेच शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदात तो प्रथम वाजवू लागला. पीट टाउनशेंड हा पुण्यात जन्मलेले व अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) वास्तव्य केलेले मेहेरबाबा यांचा अनुयायी होता. हूज नेक्स्टमधील ‘बाबा ओरायली’ या गीताचे नाव मेहेरबाबा आणि पुनरावृत्तिप्रधान संगीताचा अमेरिकन रचनाकार टेरी रायली यांच्या नावांतून तयार झाले आहे. टाउनशेंडने हू केम फर्स्ट (१९७२) या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत मेहेरबाबांच्या प्रार्थनेवर आधारलेली रचना गाइली. येथे भारतीय वाद्ये वा राग यांचा वापर नाही. श्रद्धेचे रूपांतर रचनाकाराने स्वतःच्या संगीतभाषेत केले आहे.

जॉर्ज हॅरिसन याने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही ध्वनिमुद्रणालयात भारतीय वादकांकडून संगीत मुद्रित करून घेतले होते. पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या साहाय्यार्थ काही करण्याची इच्छा पं. रविशंकर यांनी बोलून दाखविल्यावर, त्याने १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे दोन मैफली घडवून आणल्या. त्यांचा प्रारंभ रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा व कमला चक्रवर्ती यांच्या वादनाने झाला. वाद्ये जुळविणे संपताच श्रोत्यांनी तेच वादन समजून टाळ्या वाजविल्या. तीन तबकड्यांच्या ध्वनिमुद्रिकेत हा प्रसंग तसाच ठेवला आहे. सद्भाव व समज यांत किती अंतर होते, हे त्यावरून कळते. प्रवेशशुल्काचे सु. २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला देण्यात आले. ध्वनिमुद्रिकेचे उत्पन्न मात्र करविषयक वादांत दीर्घकाळ अडकले. तरीही मोठ्या साहाय्यार्थ मैफलींचा पायंडा येथूनच पडला.

जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थानिक वादकांसह ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ या आपल्या दोन गीतांचे ध्वनिमुद्रण करून पाहिले. ते अधिकृतपणे २०१५ मध्येच प्रसिद्ध झाले. त्यातील अडखळती लय ऐकता, दोन्ही परंपरांना एकमेकींच्या तालाचा अंदाज येण्यास पुरेसा अवधी मिळाला नसल्याचे जाणवते. त्यांचे ‘काश्मीर’ (१९७५) हे गीत अधिक प्रसिद्ध आहे. पण त्याचे शब्द मोरोक्कोच्या वाळवंटी प्रवासात सुचले होते. चार मात्रांच्या ड्रमवर तिहाईसारखी सरकत राहणारी तीन मात्रांची गिटार हे त्याचे खरे बळ होय. नावातील ‘पूर्व’ मात्र नकाशावर कोठेही नसलेला प्रदेश आहे. भारतात या ध्वनिमुद्रिका मोजक्या संख्येने उपलब्ध होत. काही ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने येथे छापल्या. मुंबईत काळा घोडा भागातील ऱ्हिदम हाउस हे दुकान (बंद २०१६) रसिकांचे त्यांच्यासाठीचे एक ठिकाण होते.

ऋण व श्रेय : या संगीताचे मोठे भांडवल अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज कलावंतांकडून आलेले होते आणि त्याचे ऋण नेहमीच मान्य केले गेले नाही. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे मूळ गीत मेम्फिस मिनी व कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये, मिसिसिपी नदीच्या १९२७ मधील महापुराच्या पार्श्वभूमीवर, ध्वनिमुद्रित केले होते. लेड झेपेलिनने श्रेयनामावलीत मेम्फिस मिनीचे नाव घातले. परंतु ‘होल लॉट्टा लव्ह’ (१९६९) या गीतात विली डिक्सनच्या रचनेचा आधार असूनही त्याचे नाव नव्हते. डिक्सनने १९८५ मध्ये दावा दाखल केला व १९८७ मध्ये तडजोड झाली. हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ (१९७०) बाबत अमेरिकन न्यायालयाने १९७६ मध्ये, पूर्वीच्या एका गीताची त्याने नकळत नक्कल केली, असा निर्णय दिला. ‘स्टेअरवे टू हेव्हन’विरुद्धचा दावा मात्र २०१६ मध्ये ज्यूरीने फेटाळला व २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयात तो निकाल कायम झाला. क्लेअर टॉरीला तिच्या गायनाबद्दल त्या वेळी ३० पौंड मिळाले होते. दावा केल्यानंतर २००५ पासून ती सहरचनाकार म्हणून मान्य झाली. आयत्या वेळी घडविलेले गायन ही रचनाच होय, हे तत्त्व भारतीय संगीताच्या श्रोत्यास सहज पटण्यासारखे आहे. ध्वनिमुद्रण व्यवसायाला ते मान्य करण्यास तीन दशके लागली.

‘क्लासिक रॉक’ या वर्गवारीतील अन्यायही येथे नोंदविणे अवश्य आहे. मार्व्हिन गे याची व्हॉट्स गोइंग ऑन (१९७१) ही व्हिएटनाम युद्धावरून परतणाऱ्या सैनिकाच्या दृष्टीतून, एका गीतातून दुसऱ्यात अखंड वाहत जाणारी ध्वनिमुद्रिका आहे. स्टीव्ही वंडर याने इनरव्हिजन्स (१९७३) मध्ये बहुतेक वाद्ये स्वतः वाजवून पट्टी-पट्टीने संगीत उभारले. दीर्घ ध्वनिमुद्रिकेला एकसंध कृती मानण्याचे तत्त्व या दोहोंत पूर्णत्वास गेले आहे. तरी कलावंत कृष्णवर्णीय असल्याने त्यांची गणना ‘सोल’ या वेगळ्या विभागात झाली. कालखंडाचे चित्र त्यांच्याविना अपुरे राहते.

उत्तरकाल व मूल्यमापन : १९७३ च्या तेलटंचाईमुळे तबकड्यांसाठी लागणाऱ्या प्लॅस्टिकचा तुटवडा निर्माण झाला. त्याच सुमारास लांबी, खर्च व नेपथ्य यांची स्पर्धाही शिगेला पोहोचली होती. न्यूयॉर्कच्या रमोन्स या गटाची १९७६ मधील पहिली ध्वनिमुद्रिका चौदा गीतांची असून सु. २९ मिनिटांत संपते. लहान गीताकडे परतण्याचा तो इशारा होता. १९८२ मध्ये आलेल्या काँपॅक्ट डिस्कने बाजूंचे विभाजन रद्द केले आणि एकविसाव्या शतकात महाजालावरील श्रवणाने गीतांचा अनुक्रमही ऐच्छिक केला. तथापि अमेरिकेत २०२२ मध्ये तबकड्यांची विक्री, नगांच्या हिशेबाने, १९८७ नंतर प्रथमच काँपॅक्ट डिस्कपेक्षा अधिक झाली. यात स्मरणरंजनाचा भाग आहेच. परंतु आरंभ, मध्य व शेवट असलेली कृती एका बैठकीत ऐकण्याची गरज त्यातून सूचित होते.

या कालखंडाचे मर्म भव्यतेत शोधणे युक्त ठरणार नाही. तंत्राने प्रथमच जवळजवळ सर्व काही शक्य केले, तेव्हा काय करावयाचे नाही हे ठरविणारे कलावंत यशस्वी झाले. जिन्याच्या तळाशी मांडलेले ड्रम, दोन बाजूंमधील विराम, निरुपाय म्हणून सैल केलेल्या तारा व तीनच वाद्यांवर भागविलेले आत्मनिवेदन ही त्याची उदाहरणे होत. टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्ससारख्या कृती महत्त्वाकांक्षेचे स्मारक म्हणून उरल्या आहेत. द डार्क साइड ऑफ द मून, ब्लू, व्हॉट्स गोइंग ऑन, हूज नेक्स्ट व लेड झेपेलिनची अनामिक ध्वनिमुद्रिका या मात्र, ज्या तरुण पिढीसाठी त्या रचल्या गेल्या ती वृद्ध झाल्यानंतरही, आपल्या बांधणीच्या बळावर नव्या श्रोत्यापर्यंत पोहोचतात. ‘अभिजात’ हे विशेषण त्यांच्या बाबतीत नभोवाणी केंद्रांच्या जाहिरातीवर अवलंबून राहत नाही.